जोडून सुट्टी

डिसेंबर उजाडला की मुंबईच्या कचेऱ्यांत कॅलेंडर पुढ्यात घेऊन बेरजा सुरू होतात. २५ तारखेला शनिवार-रविवार चिकटवायचा, मध्ये दोन रजा टाकायच्या, झाला गोव्याचा आठवडा! राज्य सरकारच्या कचेऱ्यांना तर २०२० पासून पाचच दिवसांचा आठवडा. त्यांची जोडाजोड आणखी सोपी.

जोडाजोड भिवंडीच्या यंत्रमागांवरही चालते, पण सुताची. बारा तासांची पाळी, एका माणसाकडे चार-सहा माग, कानात धोट्याची खटखट. धागा तुटला की धावत जाऊन गाठ मारायची. मजुरी मीटरवर. म्हणून इथे रजेला रजा म्हणत नाहीत, खाडा म्हणतात. १९४८चा कारखाने कायदा २०२५पर्यंत २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा द्यायचा. पण हजेरीपटावर नावच नसेल तर ते दिवस मोजायचे कुणी?

पूर्वी भारनियमन तरी होतं. वीज गेली की माग गप्प आणि माणूस जरा टेकायचा. २००७ साली वीजवितरण खासगी कंपनीकडे गेलं आणि ती चैनही आटली. राहता राहिली मंदी. सुताचा भाव चढला, कापडाला गिऱ्हाईक नसलं की शेठ माग बंद ठेवतो. तेव्हा सुट्टीच सुट्टी, अर्थात बिनपगारी!

आणि भिवंडीलगतच्या मानकोली-राहनाळची ऑनलाइन खरेदीची गोदामं? तिथला हंगामच तुमची सुट्टी. गोव्यासाठी मागवलेली बॅग दारात आली की खोक्यावरचा पत्ता वाचा. बहुधा भिवंडीचा असेल.