ग्रुप ॲडमिन : पद, अधिकार आणि मर्यादा

सहकारी गृहनिर्माण संस्थेचा अध्यक्ष निवडणुकीने येतो, सचिव आग्रहाने येतो आणि खजिनदार बहुधा त्या सभेला गैरहजर राहिल्यामुळे येतो. परंतु त्याच संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन, म्हणजे सदस्यांना ग्रुपमध्ये घेण्याचा किंवा तेथून काढण्याचा अधिकार असलेली व्यक्ती, कोठून येतो याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही. ज्याच्याकडे सर्वांचे नंबर असतात त्याच्या गळ्यात हे बिनपगारी पद पडते आणि काही काळातच आपली निवड गुणवत्तेवर झाली, असे त्याला वाटू लागते. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडतो. आपल्या नावापुढचा तो एक शब्द पाहण्यासाठी सदस्यांची यादी तो कारण नसताना उघडतो, आणि एखाद्या लग्नात कोणी 'हे आमचे ॲडमिन' अशी ओळख करून दिली, तर संकोचल्याचा अभिनय करतो, पण ओळख पूर्ण होऊ देतो.

या अधिकाराचे मोजमाप मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये केले. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्वाळा देतानाच, सदस्य जोडणे व काढणे यापलीकडे त्याच्या हातात फारसे काही नसते आणि मजकूर ग्रुपवर येण्यापूर्वी तो रोखता येत नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. त्यामुळे तुरुंग टळल्याचा आनंद मानावा की आपली किंमत न्यायालयात ठरल्याचे दुःख, हा प्रश्न ॲडमिनवर्गापुढे आजही उभा आहे. पुढे २०२२ मध्ये इतरांचे मेसेज सर्वांसाठी डिलीट करण्याची सोय मिळाली खरी, पण डिलीट केलेल्या जागी ॲडमिनच्या नावानिशी तशी नोंद राहते, आणि ज्या मेसेजकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते त्यात काय होते हे जाणून घेण्यासाठी अर्धी सोसायटी जागी होते.

येथे थोडे विषयांतर करून पु. ल. देशपांडे यांच्या उत्तरकालीन साहित्याचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. पुलंचे निधन १२ जून २००० रोजी झाले आणि व्हॉट्सॲपची स्थापना २००९ मध्ये झाली. तथापि या किरकोळ अडचणीवर मात करून त्यांनी वायफाय, ऑनलाइन शाळा आणि बायकोने तपासलेला मोबाइल या विषयांवर विपुल लेखन केले आहे. प्रत्येक वाक्यापुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे दोन चेहरे, ऱ्हस्व-दीर्घाविषयी संपूर्ण निर्मोही वृत्ती आणि अखेरीस 'आवडल्यास पुढे पाठवा' ही विनंती, ही या कालखंडातील त्यांच्या शैलीची ठळक लक्षणे होत. व. पु. काळे २००१ मध्ये गेले, पण त्यांचीही लेखणी थांबलेली नाही, फक्त तिचा ओढा नातेसंबंध आणि पावसाकडे अधिक आहे; १९९९ मध्ये निवर्तलेले कुसुमाग्रज यांनी तर यमकांचा असा ध्यास घेतला आहे की, हयातीत हा सोस त्यांनी कसा आवरला, याचे नवल वाटावे. एकच सुविचार सकाळी वपुंच्या, दुपारी पुलंच्या आणि रात्री स्वामी विवेकानंदांच्या नावे आल्यास ॲडमिन तारखांसह खुलासा करतो, पुढच्याच मिनिटाला 'काका, लेखक कोणीही असो, विचार महत्त्वाचा' असे उत्तर येते, त्याला चौदा अंगठे मिळतात, आणि बी विंगच्या टाकीत पाणी चढलेले नाही हा मेसेज त्या अंगठ्यांखाली गाडला जातो.

फॉरवर्डची, म्हणजे वाचून वा न वाचताच पुढे ढकललेल्या मजकुराची, एक जात मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या, मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन व्हॉट्सॲपने जाहीर केले. असे मेसेज आजही येतात. 'खात्री नाही, पण सावध केलेले बरे' अशा ओळीसह गेटबाहेरच्या अनोळखी माणसाचा फोटो टाकणारे आजोबा दुष्ट नसतात, त्यांची नात खाली खेळत असते, आणि म्हणूनच त्यांना अडवणे जड जाते. वॉचमनला फोन केल्यावर कळते की, तो भंगारवाला आहे आणि सी विंगच्या काकूंनीच त्याला जुना कूलर न्यायला बोलावले आहे. फोटो निघतो, 'ॲडमिनची हुकूमशाही चालणार नाही' असे तीन मेसेज येतात, काकू गप्प राहतात, आणि डिलीटच्या त्या नोंदीतले स्वतःचे नाव प्रस्तुत लेखकाला प्रथमच बरे दिसते.

हे पद सोडण्याची त्याची तयारी आहे. हुकूमशाहीचा अनुभव असलेल्या वा नसलेल्या इच्छुक सभासदांनी आपली नावे त्याच्याकडे स्वतंत्र मेसेजने कळवावीत. ग्रुपवर टाकू नयेत.