आवाज गिझरचा, धाड् बंगल्याची

"काय गं, आज पहाटे पुन्हा धाडधाड केलंत?"

"आम्ही नाही काकू, तो गिझर! बटण दाबलं की आधी सूंऽऽ, मग आत कुणी फुटाणे भाजतंय अशी तडतड. सासूबाई म्हणतात, बंद करा, फुटेल. हे म्हणतात, नवाच आणू. परवा दुकानातला मुलगा येऊन गेला. त्याने झाकणसुद्धा खोललं नाही, थेट नव्याचा भाव सांगितला."

"सांगणारच. दुकान कशाला मांडलंय त्याने? वरच्या टाकीत पाणी कुठलं चढवता?"

"नळाचं पुरत नाही, बोअरचं."

"मग झालं! शॉवरची भोकं बुजतात ना? बादलीला पांढरं कडं? तेच सगळं आत कॉइलवर बसलंय. पाणी तापलं की त्यातला क्षार सुटतो आणि कॉइलवर थर धरतो. थराखाली पाणी अडकतं, त्याची वाफ होते. बुडबुडा सुटून वरच्या गार पाण्यात आला की फटकन मिटतो. तुझे फुटाणे ते हेच."

"तुम्हाला बरं ठाऊक!"

"दौंडची आहे मी. आमचे अण्णा लोको शेडला बॉयलरवर होते. वाफेचं इंजिन ठरल्या दिवशी गार करायचं, पाणी सोडून द्यायचं आणि आतून धुवायचं, वॉशआउट म्हणायचे त्याला. थर साचला की कोळसा जास्त लागायचा आणि ट्यूबा गळायच्या. अण्णा घरी आले की बाह्यांवर पांढरी भुकटी. घरच्या बंबाचीही तीच गत. आई बाहेरून चिंचेने घासून लख्ख करायची, आत मात्र खरपुडी. लग्न होऊन घोडनदीत आले तर इथेही तेच पाणी वाट बघत होतं. आमचा भाचा कुरकुंभच्या एमआयडीसीत आहे, त्याच्याकडून बोअरचं पाणी तपासून घेतलं. सरकारी मानकात लिटरला 200 मिलिग्रॅम कठीणपणा चांगला, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचा. आमचं त्याच्याही वर!"

"मग करू काय?"

"मिस्त्री बोलव. मेन स्विच बंद, पाणी गार होऊ दे, मग खालून सगळं काढायचं. प्लेट खोलून कॉइल लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. हातोडीने ठोकू देऊ नकोस, कॉइलच जायची. वायसर नवा आणून ठेव, जुना बसवला की गळतो. आणि आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो बघायला सांग. टाकीऐवजी त्याने झिजायचं म्हणून तो घातलेला असतो. संपला असेल तर बदल. गिझर किती डिग्रीवर ठेवता?"

"शेवटपर्यंत फिरवलाय. थंडी किती आहे!"

"साठवर आण. जास्त तापवलं की थर लवकर धरतो. आणि त्या सेफ्टी वॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून बूच मारलंय का कुणी?"

"हे म्हणत होते, मारू या म्हणून."

"अजिबात नाही! सासूबाई फुटण्याचं म्हणतात ते उगाच नाही. आतला दाब वाढला तर तेवढी एकच वाट असते."

"बरं, पण काकू, धाड् होतं ते पाचला. आमचा गिझर लागतो साडेपाचला!"

"हां? म्हणजे किती वेळा होतं, धाडधाड की एकच धाड्?"

"एकच, दणकून. भिंत हलते."

"मग तुम्हाला उगाच बोलले. ती पलीकडच्या बंगल्याची मोटर. टाकी भरून मोटर बंद झाली की वर चढलेलं पाणी मागे येतं आणि एनआरव्हीचं झाकण आपटतं. त्यात पाइप आणलाय तुमच्या भिंतीला लागून, क्लॅम्प एक नाही! स्प्रिंगचा एनआरव्ही बसवला आणि चार क्लॅम्प मारले तर गल्ली झोपेल."

"फरशी इटालियन आणि क्लॅम्प नाहीत!"

"आणखी एक मजा. सोलर बसवलाय ना त्यांनी? टाकीवर हवा जायला उघडी नळी असते. कबुतरं घाण करतात म्हणून तिच्या तोंडाला प्लास्टिक बांधलंय! मी गच्चीवर पापड घालताना पाहिलं. गरम पाणी वाढतं, वाफ धरते, ती जायची कुठून? आणि पाणी भसकन काढलं तर टाकी आत ओढली जाते. जाळी लावायची, बांधायचं नसतं काही."

"मग सांगितलं नाहीत?"

"मी? गेल्या वर्षी कचऱ्याच्या गाडीवरून बोलाचाली झालीये आमची. तू सांग, हळदीकुंकवाला जातेस ना."

"वाणात प्लास्टिकची बास्केट दिली त्यांनी. मी नाही बाई. दौंडच्या तुम्ही, बॉयलरवाल्यांची लेक."

"हळू बोल. दुधाची पिशवी घ्यायला आलीच बघ ती. — अहो वहिनी! जरा इकडे या ना, तुमच्या सोलरचं विचारायचं होतं. आम्हालाही बसवायचाय!"

"काकू, कधी बसवताय?"

"गप गं."