फीत कापली, दार मात्र बंद

लखनौत दोन विद्यापीठं मराठी माणसांच्या नावानं उभी आहेत. रायबरेली रोडवर बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ, १९९६ साली सुरू झालेलं केंद्रीय विद्यापीठ. कैसरबागेत भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय, पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या धडपडीतून १९२६ साली निघालेल्या मॅरिस कॉलेजचं आजचं रूप. एकाचा जन्म महूचा आणि शिक्षण साताऱ्या-मुंबईत, दुसरे वाळकेश्वरचे. दोघांनी जन्मभर एकाच गोष्टीशी भांडण मांडलं, ते म्हणजे ज्ञानाला लावलेलं कुलूप. त्यामुळे विद्यापीठांच्या ग्रंथालयांत भरणाऱ्या प्रदर्शनांबद्दल आणि कार्यक्रमांबद्दल बोलायचं, तर सुरुवात लखनौपासूनच करायला हवी.

आपल्याकडे हे प्रदर्शन कसं भरतं, ते विद्यापीठात दोन वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा. १२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते रंगनाथन यांची जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. तारीख जवळ आली की फ्लेक्स लागतो. चार टेबलं जोडायची, वर पांढरी चादर अंथरायची, चादरीवर पुस्तकं आडवी मांडायची. पाहुणे फीत कापतात. शाल-श्रीफळ, भाषणं, मग सगळ्यांचा एकत्र फोटो. तो फोटो जिओटॅगसकट नॅक मूल्यांकनाच्या फायलीत जातो, विस्तार कार्याच्या पुराव्यादाखल. दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलं उचललेली असतात. या सगळ्या गडबडीत गेटवरचा सुरक्षारक्षक जागचा हलत नाही. ओळखपत्र दाखवा, नसेल तर मागं फिरा. समोरच्या रस्त्यावरचा पंक्चरवाला, पलीकडच्या वस्तीतली शिवणकाम करणारी बाई, दहावीनंतर शाळा सुटलेला मुलगा, यांच्याच करातून हे ग्रंथालय चालतं आणि यांनीच आतलं एक पान पाहिलेलं नसतं. याला प्रदर्शन म्हणायला मी तयार नाही. ही फायलीची भरती आहे.

खरं प्रदर्शन कसं असावं, याचं उदाहरण लखनौतूनच देतो. सरोजिनी नगर हा लखनौचा दक्षिणेकडचा भाग. कानपूर रोड, अमौसीचा विमानतळ, कारखाने, मागं खेडी. इथंच स्कूटर्स इंडिया होती. १९७२ साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी. इटलीच्या इनोचेंतीकडून लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेऊन तिनं सरोजिनी नगरात स्कूटर बनवल्या. ‘विजय सुपर’ तिथली, आणि उत्तरेतल्या कितीतरी गावांत शेअर रिक्षाचं दुसरं नावच होऊन बसलेली ‘विक्रम’ही तिथलीच. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ती बंद करायचा निर्णय जाहीर केला.

त्या कारखान्यात वीस-तीस वर्षं घाम गाळलेली माणसं अजून हिंडती-फिरती आहेत. कुणाच्या ट्रंकेत गेटपास असेल, कुणाकडे पगाराची चिठ्ठी, युनियनचं पत्रक, पहिली गाडी लाइनवरून उतरल्याचा फोटो. लखनौतल्या एखाद्या विद्यापीठ ग्रंथालयानं या माणसांना बोलवावं, त्यांच्या वस्तू काचेखाली मांडाव्यात, शेजारी औद्योगिक धोरणावरची, कामगार कायद्यावरची पुस्तकं ठेवावीत आणि निवृत्त टर्नरला खुर्ची देऊन सांगावं की बसा, येणाऱ्याशी बोला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी त्या एका दुपारी जे शिकेल, ते त्याला सेमिस्टरभराच्या स्लाइड दाखवून येणार नाही. आणि जिनं नवऱ्याचा डबा भरण्यात उमेदीची वर्षं काढली, ती बाई पहिल्यांदा ग्रंथालयाची पायरी चढेल, कारण आत तिच्या घरची वस्तू आहे.

हे आत्ता करायला हवं. गिरणगावाच्या बाबतीत आपण किती उशीर केला, ते मुंबईकरांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून त्यांचा इतिहास टिपून पुस्तक केलं, ते आलं २००४ साली. मधल्या काळात किती माणसं गेली, किती चाळी पडल्या, किती कागद रद्दीत गेले. दोन संशोधक बायकांनी जे केलं, ते करायला विद्यापीठांकडे जागा होती, पगारी माणसं होती, कपाटं होती.

लखनौचा आणखी एक संदर्भ इथं फार मोलाचा आहे. कॅनबेरा शहराचा आराखडा करणारा वास्तुकार वॉल्टर बर्ली ग्रिफिन १९३५ साली लखनौला आला, तो लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं काम मिळालं म्हणून. नकाशे काढून परतायचं असं त्याच्या मनात होतं. पण कामं येत गेली आणि तो तिथंच रमला. त्यातलं एक मोठं काम म्हणजे १९३६-३७ चं संयुक्त प्रांताचं उद्योग आणि शेती प्रदर्शन. १६० एकरांची जागा आणि तिच्यासाठी त्यानं आखलेल्या ५३ वास्तू, त्यांत कलादालन, बाजार, क्रीडांगण असं सगळं. आखलेलं सगळं काही उभं राहिलं नाही. फेब्रुवारी १९३७ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो लखनौतच गेला, त्याची कबरही तिथंच आहे. ग्रंथालय आखणारा माणूस त्याच हातानं शेतकऱ्यांसाठी आणि कारागिरांसाठी प्रदर्शन आखत होता. आपल्या ग्रंथपालांना आज ही दोन कामं वेगवेगळ्या खात्यांची का वाटतात?

आता भातखंडे. वकिली सोडून हा माणूस देशभर फिरला. उस्तादांच्या घरात चिजा जपल्या जात, मुलाला किंवा फार तर जावयाला दिल्या जात. विनवण्या करून, मानापमान गिळून भातखंड्यांनी त्या मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि छापून टाकल्या. ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ त्यांनी मराठीत लिहिली. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भागही मूळचे मराठी. त्यातलं एखादं पान उघडून मांडा आणि शेजारी साधी पाटी लावा. स्वराखाली आडवी रेघ असेल तर तो कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असेल तर तीव्र. वर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. गुणिलेची खूण सम दाखवते आणि शून्य खाली. एवढं समजलं की कधीही गाणं न शिकलेला माणूससुद्धा त्या पानावर बोट ठेवून दोन ओळी पुढं सरकतो. पाटीच्या बाजूला हेडफोन ठेवा आणि तीच चीज ऐकवा. यासाठी मंत्री लागत नाही, फीत लागत नाही. लागतो तो पाटी नीट लिहू शकणारा ग्रंथपाल. तिथंच आपलं अडतं. प्रदर्शनातल्या पाट्या कोण लिहितं, त्या कुणाला समजाव्यात म्हणून लिहिल्या जातात, याचा विचार करायला आपल्या ग्रंथालयांत कुणाला वेळच दिलेला नाही. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, परिग्रहण क्रमांक, एवढ्यावर पाटी संपते.

बाबासाहेबांबद्दल वेगळं काय सांगायचं? दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधलं, तेच मुळी पुस्तकांना जागा हवी म्हणून. ‘राजगृहा’ची गोष्ट मराठी माणसाला पाठ आहे. पण एक दृश्य विद्यापीठांच्या ग्रंथपालांनी मुद्दाम येऊन पाहायला हवं. दर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. परभणीहून, यवतमाळहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं चैत्यभूमीवर डोकं टेकवून त्या स्टॉलवर येतात. मजुरीतून राखून ठेवलेल्या पैशांतून पुस्तक घेतात, पिशवीत तळाशी नीट ठेवतात आणि रात्रीच्या गाडीनं परततात. नागपूरला दीक्षाभूमीवर तेच. या वाचकाला कुणी फ्लेक्स लावून बोलावलेलं नसतं. हाच माणूस दुसऱ्या दिवशी एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला, तर त्याला गेटवर अडवतील. बाबासाहेबांचा ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हा आठवणींचा मजकूर कोलंबिया विद्यापीठानं जगात कुणालाही वाचता येईल असा खुला ठेवला आहे. न्यूयॉर्कला जे जमतं, ते छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लखनौला जमायला काय हरकत आहे?

परदेशाचंच उदाहरण कशाला, घरचं घ्या. ज्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले, त्या बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जात, वाचून झाल्या की पुढच्या गावाला रवाना होत. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याचाच माणूस मॅजिक लँटर्न घेऊन खेड्यात जाई आणि चित्रं दाखवी. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली होती. वीज, रस्ते, गाड्या यांची वानवा असलेल्या काळात एका संस्थानानं ग्रंथालयाचं काम असं समजून घेतलं होतं की वाचक येईल म्हणून वाट पाहायची नाही, आपण निघायचं. शंभर वर्षांनी आपल्या विद्यापीठांकडे बस आहेत, प्रोजेक्टर आहेत, ग्रंथपालाच्या पदव्या आहेत. पेटी मात्र हलत नाही.

आमच्या गावोगावच्या वाचनालयांना हे वर्षानुवर्षं जमतं आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेनं १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आजही कितीतरी गावांत दिवाळी अंकांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा शाळेतली पोरं, पेन्शनर, वकील, किराणा दुकानदार एकाच टेबलाभोवती उभे राहून अंक चाळतात. तुटपुंज्या अनुदानावर, अल्प मानधनावर राबणारे हे ग्रंथपाल जे करतात, ते सातव्या वेतन आयोगाच्या विद्यापीठ ग्रंथालयाला करता येत नाही, हे मला मान्य नाही.

हरकती मला तोंडपाठ आहेत. पुस्तकं चोरीला जातील. तर कोठारात कुणाला सोडूच नका, दर्शनी दालन आणि वाचनकक्षाचा एक कोपरा उघडा. दुर्मीळ पोथ्या खराब होतील. बरोबर, जुन्या कागदावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, असा जगभरच्या संग्रहालयांचा दंडक आहे. मग अस्सल पोथी आत ठेवा, बाहेर उत्तम प्रत ठेवा आणि दर आठवड्याला पान बदला. विद्यार्थ्यांना त्रास होईल. शनिवारी दुपारी तीन तास कुणालाही त्रास होत नाही. कर्मचारी कमी आहेत. ही एकच हरकत खरी आहे, आणि तिचं उत्तर सरकारनं द्यायचं आहे. अनेक विद्यापीठांत ग्रंथालयातली मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. ती भरल्याशिवाय कुठल्याही दिनाचा फ्लेक्स लावायची परवानगीच देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रदर्शनाला विषयांची कमतरता नाही. लखनौच्या आसपासच्या खेड्यांत चिकनकारी करणाऱ्या बाया आहेत. मुर्री, फंदा, बखिया, जाली हे टाके त्यांच्या बोटांत आहेत. त्यांच्या कामाचे नमुने ग्रंथालयात मांडले आणि खाली टाक्याचं नाव, तो घालायला लागणारा वेळ आणि बाईच्या हातात पडणारी मजुरी लिहिली, तर ते प्रदर्शन बघून माणूस अस्वस्थ होऊन बाहेर पडेल. मग पुढच्या शनिवारी पैठणच्या, सोलापूरच्या विणकरांचं तसंच प्रदर्शन आपल्या विद्यापीठांत का होऊ नये?

वाचकहो, एक काम करा. तुमच्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना आणि कुलगुरूंना या आठवड्यात एक पत्र लिहा. विद्यापीठाबाहेरच्या माणसाला वाचनकक्षात बसायचं असेल तर नियम काय, शुल्क किती, आणि गेल्या वर्षीच्या प्रदर्शनांना विद्यापीठाबाहेरची किती माणसं आली, एवढं विचारा. आठवड्यातून एक दुपार ग्रंथालय सगळ्यांना खुलं ठेवा, अशी मागणी त्याच पत्रात करा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.