रॉभाऊ

मोहोळच्या चिकन सेंटरवरून सगळेच लोक कच्चं चिकन नेतात. घरी जाऊन शिजवतात, एवढंच. रॉभाऊ शिजवत नाहीत.

मूळचे ते रावभाऊ. पुण्यात कंपनीत होते. करोनात घरून काम करायची मुभा मिळाली, तेव्हा लॅपटॉप, ब्रुनो नावाचा लॅब्रेडॉर आणि 'रॉ डाएट' नावाचा पंथ घेऊन गावी आले. त्या दोन शब्दांचा जप इतका झाला, की चिकन सेंटरवाल्यानं एक दिवस उधारीच्या वहीत 'रॉभाऊ' असंच लिहिलं आणि गावानं ते कायम केलं.

हा नमुना एकट्या मोहोळचा नाही. बार्शी, अकलूज, टेंभुर्णी, जिथं जिथं पुण्याची ट्रॅव्हल्स थांबते तिथं तिथं तो उतरतो. ओळखायची खूण अशी, की त्यानं आधी स्वतःवर प्रयोग केलेले असतात. रॉभाऊंनी दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवणं आणि दिवेकरांचं दर दोन तासांनी खाणं, दोन्ही एकाच महिन्यात करून पाहिलं. पोट होतं तिथंच राहिलं. मग नियम पाळायला दुसरं कुणीतरी शोधणं आलं. बायको बधली नाही. ब्रुनोला कुणी विचारलं नाही.

पंथाचे मूळपुरुष इयान बिलिंगहर्स्ट, ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य. त्यांचं 'गिव्ह युअर डॉग अ बोन' हे पुस्तक १९९३ सालचं. कच्चं मांस आणि कच्ची हाडं घालायच्या या पद्धतीला 'बार्फ' म्हणतात. पुढं अनुयायांत एक हिशेब रूढ झाला. कुत्र्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के अन्न रोज द्यायचं. त्यात ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के काळीज आणि उरलेले ५ टक्के गुर्दा वगैरे. ब्रुनोचं वजन ३० किलो. रॉभाऊंनी अडीच टक्के धरले, म्हणजे दिवसाला ७५० ग्रॅम. इथपर्यंत ठीक होतं. पण पहिल्याच दिवशी ते दुकानात उभे राहून म्हणाले, "साडेसदतीस ग्रॅम काळीज द्या."

दुकानदारानं सुरी खाली ठेवली. "मालक, ह्ये सोनाराकडं मिळंल."

काळीज जास्त झालं तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो, हे रॉभाऊंनी त्याला गिऱ्हाइकं ताटकळत असताना समजावून सांगितलं. अतिरेक होतो हे खरंच आहे. शिजवलेलं हाड कधी घालू नका, त्याच्या टोकदार कपच्या होऊन आतडं फाटतं, असंही ते सांगत फिरतात. लग्नाच्या पंगतीमागं नळ्या फोडणारी कुत्री पाहून त्यांचा जीव खरोखर तुटतो. एवढ्या एका बाबतीत गावानं त्यांचं ऐकायला हवं होतं. पण ज्या तोंडानं माणूस साडेसदतीस ग्रॅम मागतो, त्या तोंडचं कुणी ऐकत नाही.

त्यांचं आवडतं वाक्य, "कुत्रा म्हणजे मुळात लांडगा." हे पुण्याच्या सोसायटीत खपलं असेल. इथं शेजारच्या उत्तर सोलापुरात नान्नजच्या माळरानावर खरे लांडगे आहेत आणि ते काय खातात हे धनगरांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. एका म्हाताऱ्या धनगरानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लांडगं दोन-दोन दिस उपाशी बी ऱ्हातंय. त्ये बी करता का मंग?"

रॉभाऊंचे डोळे चमकले. कारण पंथातले काही कडवे लोक कुत्र्याला आठवड्यातून एक दिवस लंघनही घालतात.

त्यांना खरा विरोध झाला तो घरातून. आई माळकरी. "माळ माझ्या गळ्यात हाय, कुत्र्याच्या न्हाई. पर माझ्या दह्याशेजारी कोंबडीची मान ठिवायची न्हाई," असं तिनं सांगितल्यावर गोठ्यात जुना फ्रीज आला. लंघनाचं कळल्यावर मात्र आईचं मन वळलं. लंघनाचा वार रद्द होऊन एकादशी ठरली. तेव्हापासून ब्रुनो, आईच्या तोंडी 'ब्रुनोबा', महिन्याच्या दोन्ही एकादश्या करतो. म्हणजे रॉभाऊंच्या वहीत उपाशी असतो आणि आईच्या स्वयंपाकघराच्या दारात भगर खात असतो.

गोठ्यातल्या फ्रीजचं एक दुखणं आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी वीज जाते आणि आठवड्याचं मांस घाम सोडू लागतं. साल्मोनेलासारख्या जंतूंना याहून चांगली सोय कुठली? ते कुत्र्याला बाधतात आणि भांडी धुणाऱ्या माणसालाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०१२ सालीच असं कच्चं अन्न घालू नका म्हणून धोरण जाहीर केलं. आपल्याकडं धोका आणखी जवळचा. शेळ्यामेंढ्यांच्या काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी असू शकतात. ते कच्चं खाल्लं, की कुत्र्याच्या पोटात बारीक पट्टकृमी होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडून माणसाच्या पोटात गेली, तर तशाच गाठी माणसाच्या यकृतात होतात. मटणवाला असं काळीज फुकट देत असेल, तर ते घालण्याआधी पशुवैद्याला विचारावं आणि कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषध द्यावं. रॉभाऊ औषध देतात. चार्ट करून देतात.

आणि हे सगळं कुठं चाललंय, तर मोहोळात. रब्बी ज्वारीचं मालदांडी ३५-१ हे वाण याच गावच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात निवडलं गेलं. इथल्या वस्त्यांवरची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या ताकात कुस्करलेल्या भाकरीवर राखण करत आली. २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्यावर राहून कुत्रा भाकरी पचवायला शिकला, असा त्याचा अर्थ. हे रॉभाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, "शोधनिबंध चांगला आहे, पण त्यात ब्रुनो नव्हता."

आई संध्याकाळी दूध-भाकरी घालते, हे त्यांना फार लवकर कळलं. दुसऱ्या कुणी भांडण काढलं असतं. रॉभाऊंनी एक्सेलमध्ये 'इतर' नावाचा रकाना उघडला. आता तो रकाना काळजाच्या रकान्यापेक्षा बराच रुंद झालाय. ब्रुनोचं वजन ३४ किलो आहे आणि रॉभाऊ सध्या अडीच टक्के ३०चे धरायचे की ३४चे, या विचारात आहेत.

मोहोळ स्टेशनावर ते भेटले, तर ब्रुनोच्या तब्येतीची जरूर चौकशी करा. आहाराची मात्र करू नका, गाडी चुकेल.