सही दोघांची, कर्ज दोघांचं

अमेरिकेतल्या मराठी घरात नवरा-बायकोचं फिसकटलं की पहिला प्रश्न असतो, मुलं कुणाकडे? दुसरा, घर कुणाला? कर्ज कुणाच्या नावावर आहे, हे विचारायचं सुचतच नाही, आणि माणसं बुडतात ती नेमकी तिथेच.

घटस्फोटाच्या हुकुमात लिहून येतं की घराचं कर्ज यापुढे नवऱ्याने फेडायचं. बायकोला वाटतं, आपण सुटलो. पण करार बँकेशी झालाय, त्यावर सही दोघांची आहे आणि बँक काही त्या खटल्यात पक्षकार नव्हती. त्याचा हप्ता महिनाभर थकला की नोंद तिच्याही नावावर होते, तिचाही क्रेडिट स्कोअर घसरतो. हुकूम मोडला म्हणून ती नवऱ्याला कोर्टात खेचू शकते. बँक मात्र त्या कागदाला बांधील नाही.

याहून वाईट प्रकार क्विटक्लेम डीडचा. ‘घर मी ठेवतो, तू फक्त इथे सही कर’ असं म्हणून हा एकपानी कागद पुढे येतो. सही झाली की घरावरचा तिचा हक्क गेला. कर्ज मात्र जागच्या जागी. छप्पर त्याचं आणि देणं दोघांचं! कर्जातून नाव निघाल्याशिवाय किंवा निघण्याची तारीख तडजोडीत पक्की लिहून घेतल्याशिवाय त्या कागदावर सही करू नये. नवऱ्यांनाही हेच सांगणं आहे, कारण उलटा प्रकारही होतो.

नाव काढण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे रिफायनान्स. 2021 मध्ये तीस वर्षांचं कर्ज तीन टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये दर सात टक्क्यांच्या वर गेला. पाच लाख डॉलरचा हप्ता तीन टक्क्यांनी साधारण 2,100 डॉलर बसतो, सात टक्क्यांनी 3,300. तेही आता एकाच पगारावर. ‘घर मलाच हवं’ असा हट्ट धरण्याआधी हे गणित कागदावर मांडा. भांडणाच्या भरात जिंकलेलं घर दोन वर्षांत विकावं लागलं, तर ते जिंकणं कसलं?

आता सासरे-सासूबाईंच्या पैशांबद्दल. घर घेताना डाउन पेमेंटसाठी पुण्याहून पैसे येतात. बँक गिफ्ट लेटर मागते: ही भेट आहे, परतफेडीची अपेक्षा नाही. वडील सही करून मोकळे होतात. मग संसार मोडला की तेच पैसे अचानक ‘उसने दिले होते’ होतात. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. समोरचा वकील ते पत्र पहिल्याच बैठकीत टेबलावर ठेवतो. आणि बँकेला खोटं लिहून देणं हा इथे केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा आहे. उसने दिले असतील तर तेव्हाच तसं लिहा. भेट दिली असेल तर ती भेटच राहू द्या.

दुसरी फसगत होते ती तारखेची. कॅलिफोर्नियात संसार संपवायचा आहे असं जोडीदाराला सांगून तसं वागायला लागलात, की त्या दिवसापासूनची कमाई ज्याची त्याची. न्यू जर्सीत रेषा साधारणपणे घटस्फोटाचा अर्ज दाखल होतो तिथे ओढली जाते. म्हणजे एडिसनमध्ये वर्षभर वेगळं राहून अर्जच केला नाही, तर त्या वर्षीची बचतही वाटणीत येऊ शकते. ‘फ्रीमाँटच्या मित्राचं असं झालं’ हा सल्ला न्यू जर्सीत कामाचा नाही.

आणि लपवाछपवी करू नका. ‘कोथरूडचा फ्लॅट कशाला सांगायचा, तो तर भारतात आहे’ हे वाक्य फार ऐकू येतं. कॅलिफोर्नियात दोघांनाही मालमत्ता आणि देणी यांची यादी शपथेवर द्यावी लागते, आणि ती जगभरातल्या मालमत्तेची असते. अमेरिकन न्यायाधीश पुण्यातल्या फ्लॅटच्या कागदांवर नाव बदलू शकत नाही, पण त्याची किंमत धरून इथल्या वाट्यातून वळती करू शकतो. लॉस एंजेलिसमध्ये 1996 साली एका बाईला लॉटरीचा तेरा लाख डॉलरचा वाटा लागला. तो दडवून तिने लगेच घटस्फोटाचा अर्ज केला. पुढे बिंग फुटलं आणि न्यायालयाने तिचा सगळाच वाटा नवऱ्याला दिला. 2001 मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला.

आयआरएसचंही बँकेसारखंच. दोघांच्या सहीने भरलेल्या रिटर्नमध्ये एकाने उत्पन्न दडवलं, तर पूर्ण कराची वसुली कुणाकडूनही होऊ शकते. काहीच ठाऊक नव्हतं अशा जोडीदाराला फॉर्म 8857 भरून सुटका मागता येते, पण माहीत नव्हतं हे पटवून द्यावं लागतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एच-4 व्हिसावर आलेल्या मुलींची. घटस्फोट पक्का झाला की तो दर्जाच संपतो. अनेकींना कामाची परवानगी नसते, बँकेचा पासवर्ड माहीत नसतो. ‘इथे सही कर’ म्हटलं की सही. या मुली शिकलेल्या आहेत, कित्येक इंजिनिअर आहेत. त्यांना अडाणी ठेवलंय ते ‘पैशाचं मी बघतो’ या घरच्या वळणाने, आणि त्याला प्रेम म्हणणं आता बंद करायला हवं.

महाराष्ट्र मंडळांना माझी विनंती आहे. गणपती होतो, नाटक होतं, दिवाळीचा फराळ होतो. त्यातच वर्षातून एकदा कुटुंब कायद्याचा वकील आणि करसल्लागार बोलवा, आणि जोडप्यांना एकत्र बसवा. ज्यांचं घरी बिनसलंय त्यांनी मात्र मंडळाची वाट पाहू नये. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांचे क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतात. ते काढा, रिटर्नच्या प्रती ठेवा, संयुक्त कार्डांवर नवा खर्च पडू नये असं बँकेला लेखी कळवा. वकिलाकडे जाताना हे कागद बरोबर न्या.