मफिनचे पप्पा

डिसेंबर लागला की बदलापूर पूर्वेला, कात्रपच्या रस्त्यावर, पहाटे पाच वाजता दोनच जातींची माणसं दिसतात. एक लोकलसाठी पळणारी आणि दुसरी कुत्र्यापायी पळणारी. पहिल्यांच्या हातात डबा असतो, दुसऱ्यांच्या हातात पट्टा. माकडटोपी, तिच्यावरून मफलर, मुलीचं कॉलेजातलं गुलाबी जॅकेट, खाली लेंगा, मोज्यांवर कशीबशी कोंबलेली अंगठ्याची चप्पल आणि खांद्यातून निखळेल इतका पुढे ताणलेला उजवा हात, असे एक गृहस्थ धुक्यातून प्रकट झाले की ओळखावं, हे मफिनचे पप्पा.

पप्पांना स्वतःचं नाव आहे. दारावरच्या पाटीवर आहे, पगारपत्रकात आहे, आधारकार्डावर तर फोटोसकट आहे. पण सोसायटीत आता ते कोणाला लागत नाही. दूधवाला बिलावर 'मफिन, बी विंग' असं लिहितो. बायको 'मफिनची मम्मी' झाली, इंजिनिअर मुलगी 'मफिनची ताई' झाली आणि पप्पांच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्री झाल्या 'मफिनच्या आजी'. आजींना 'मफिन' हे नाव उच्चारता येत नाही. त्या त्याला मोहन म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर याच नावाचे एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. "मोहन, चप्पल सोड!", "मोहन, मेल्या, सोफ्यावर मुतलास तर बघ!" अशा हाका जिन्यातून खाली आल्या की ते सज्जन गृहस्थ अजूनही चपापून इकडेतिकडे बघतात.

हे पप्पा काही जन्मजात श्वानप्रेमी नव्हेत. परळची खोली विकून इथे वन बीएचके घेतला तेव्हा ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले, आणि सेक्रेटरी म्हणून त्यांनी केलेलं पहिलं काम म्हणजे लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावलेली नोटीस: 'इमारतीत व आवारात कुत्री पाळण्यास सक्त मनाई आहे.' खाली सही, शिक्का. 'सक्त'खाली लाल रेघ. कुत्रा म्हणजे केस, घाण, चावा आणि वर्गणी बुडवणारे भाडेकरू, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

पण निसर्गापुढे सेक्रेटरीचं काही चालत नाही. गावठी कुत्र्यांचा मोसम भाद्रपदात. कुत्रीचे दिवस भरायला साधारण 63 दिवस लागतात. म्हणजे दिवाळी उलटली, हवेत पहिला गारवा आला की आपल्याकडच्या प्रत्येक पार्किंगमध्ये गोणपाटावर चार-पाच पिल्लं कुईकुई करू लागतात. हे वेळापत्रक कॉलेजातल्या मुलींच्या मनाचा अभ्यास करूनच आखलेलं असावं. पप्पांची मुलगी एका संध्याकाळी ओढणीत काहीतरी गुंडाळून वर आली.

"एक रात्र फक्त, पप्पा. बाहेर थंडी आहे."

"एक रात्र. सकाळी सहाला खाली," पप्पा गरजले.

सकाळी सहाला पप्पा सोफ्यावर झोपलेले होते आणि पिल्लू पप्पांच्या स्वेटरात. घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी तेच म्हणाले, "रात्रभर शी केली नाही त्याने. हुशार आहे." केली होती. ती दुपारी टीव्हीच्या मागे सापडली.

मफिन तांबूस रंगाचा, शेपटी वळलेली, एक कान उभा आणि एक दुमडलेला. रस्त्यावरचं शेंबडं पोरही सांगेल की हा गावठी. पण गावठी कुत्रं पाळणाऱ्या एकाही मध्यमवयीन माणसाने अद्याप हे मान्य केलेलं नाही. "त्यात थोडा लॅब आहे" असं सुरुवातीला पप्पा सांगत. लसीकरणाची फाइल हातात आल्यावर ते बंद झालं. 'ब्रीड'च्या रकान्यात डॉक्टरांनी इंग्रजीत 'एन. डी.' अशी दोन अक्षरं लिहिली होती. नॉन-डिस्क्रिप्ट, म्हणजे ज्याच्या जातीचं वर्णन करता येत नाही असा. पप्पांना तेवढा खुलासा कोणी केला नाही. तेव्हापासून बॅरेज रोडवर फिरायला आलेला कोणी लॅब्रेडॉरवाला भेटला, की पप्पा मान किंचित वर करून सांगतात, "आमचा एन. डी. आहे. हल्ली फार मिळत नाहीत."

एरवी या प्राण्याचं पप्पांशी बरं चालतं. खरं युद्ध थंडीत.

बदलापूरचं नाव वर्षातून दोनदा पेपरात येतं, जुलैत उल्हास नदीमुळे आणि जानेवारीत थर्मामीटरमुळे. समुद्र लांब, पाठीशी मलंगगड, टावळी, चंदेरीचे डोंगर. रात्री डोंगरावरची गार हवा नदीच्या खोऱ्यात उतरते आणि उन्हं वर येईपर्यंत तिथेच बसून राहते. सांताक्रूझचा पारा पंधरा-सोळावर आला की इथे तो अकरा-बाराला टेकलेला असतो. याचा इथल्या माणसाला जो अभिमान आहे तो महाबळेश्वरवाल्यालाही नसेल. सीएसएमटीपर्यंतच्या 68 किलोमीटरमध्ये स्वेटर घाटकोपरला उतरून पिशवीत जातो, पण ऑफिसात शिरताना पप्पा तो पुन्हा अंगात घालतात आणि विचारल्याशिवाय सांगतात, "आमच्याकडे आज अकरा."

या अकरा अंशांत मफिनच्या अंगात जे संचारतं ते उन्हाळ्यात कुठे असतं कोणास ठाऊक. मे महिन्यात बाथरूमच्या लादीवर पालथा पडून राहणारा हा जीव डिसेंबरात पहाटे साडेचारला पप्पांच्या पांघरुणाचं टोक दातांत धरतो आणि मागे मागे चालू लागतो. ते पांघरूण म्हणजे आजींच्या दोन नऊवाऱ्यांची गोधडी. पप्पा झोपेत एका टोकाला, मफिन दुसऱ्या टोकाला. मफिन गुरगुरत नाही, भुंकत नाही, चावत नाही. ओढतो, थांबतो, पप्पांचा श्वास लागला की पुन्हा चार बोटं ओढतो. शेवटी गोधडी पॅसेजमध्ये आणि पप्पा उघड्यावर. मग पट्टा निघतो. लोकलमध्ये 'जरा सरकून घ्या' म्हणणाऱ्या परक्या माणसाशी कर्जतपर्यंत भांडणारे हे पप्पा, त्या वेळी अंधारात एक मोजा शोधत म्हणत असतात, "दे ना बाळा. एकच दे. दुसरा ठेव तुला."

मोज्यांचा हिशेब वेगळाच आहे. मफिन जोडी कधी नेत नाही. प्रत्येक जोडीतला एकच. त्यामुळे थंडीभर पप्पांचा डावा पाय निळा आणि उजवा करडा असतो.

मागच्या थंडीत त्यांनी मफिनला जॅकेट शिवायचं काढलं. गावठी कुत्र्याला या हवेत जॅकेट लागत नाही, थंडीपुरती दाट लव त्याची त्याला येते, हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. पण डॉक्टर काय, त्यांचा जीव थोडाच आहे त्यात. ऑनलाइन किंमत बघून पप्पांनी फोन पालथा ठेवला आणि रविवारी उल्हासनगर गाठलं. हे बरोबरच केलं. दुसऱ्या महायुद्धात जिथे लष्कराचा कल्याण ट्रान्झिट कॅम्प होता त्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, 1949 च्या ऑगस्टात गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि सगळं गमावून आलेल्या त्या माणसांनी जगात बनणारी बहुतेक प्रत्येक वस्तू इथे निम्म्या किमतीत बनवून दाखवली. त्या गावाला कुत्र्याचं जॅकेट काय जड?

अडचण पप्पांच्या जिभेची होती. कॅम्प पाचमधल्या जीन्सवाल्यांच्या गल्लीत, चार माणसांदेखत, 'कुत्र्याचं जॅकेट' हे शब्द काही त्यांच्या तोंडून फुटेनात.

"किसका बनाना है?" कारागिराने विचारलं.

"बच्चे का."

"कितने साल का?"

"दो."

"छाती?"

"बावीस इंच."

कारागिराने एकदा चष्म्यावरून पाहिलं. "तंदुरुस्त है. आस्तीन कितनी?"

"चार," पप्पा म्हणाले.

दुसऱ्या कुठल्याही गावात गल्ली हसली असती. इथे कारागिराने पेन्सिल कानामागे ठेवली, क्षणभर हिशेब केला आणि म्हणाला, "चार आस्तीन का डेढ़ गुना लगेगा. पूंछ खुली रखनी है कि अंदर?"

जॅकेट झकास झालं. जीन्सच्या कापडाचं, आत ब्लँकेटचं अस्तर, आणि पाठीवर एका बड्या परदेशी कंपनीचं नाव, स्पेलिंगात एक अक्षर कमी. मफिनने ते पहिल्या रात्री अंगात ठेवलं, दुसऱ्या रात्री अस्तर वेगळं केलं आणि तिसऱ्या सकाळी दोन बाह्या पप्पांच्या उशाशी आणून ठेवल्या. उरलेलं जॅकेट आता गेटवरच्या काळ्याकडे आहे. काळ्या हा रस्त्यावरचा, बहुधा मफिनचाच सख्खा किंवा सावत्र मामा. रात्री वॉचमनची शेकोटी विझली की तो राखेच्या उबेला जाऊन पसरतो, अंगाखाली परदेशी कंपनी.

डिंकाच्या लाडवांचं प्रकरण मात्र चेष्टेचं नव्हतं. आजी संक्रांतीच्या आधी डिंकाचे लाडू करतात. डबा ओट्यावर होता, ओटा मफिनच्या उंचीबाहेरचा होता, पण शेजारी स्टूल होतं. नऊ लाडू गेले. पप्पांनी मोबाइलवर काय वाचलं देव जाणे, त्यांचा चेहरा पांढरा पडला. बेदाणे कुत्र्याला विषासारखे. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील ते आधी सांगता येत नाही. हे खरंच आहे. घरात कुत्रं असेल तर बेदाणे, चॉकलेट आणि कांदा त्याच्या वाटेत येऊ देऊ नये.

रात्री नऊ वाजता अंबरनाथ गाठायचं ठरलं. बदलापुरात डॉक्टर नाहीत असं नाही, पण चांगला डॉक्टर नेहमी पुढच्या स्टेशनला असतो अशी या पट्ट्यातली श्रद्धा आहे. बदलापूरकर अंबरनाथला जातो, अंबरनाथकर उल्हासनगरला, उल्हासनगरचा कल्याणला. शेअर रिक्षावाल्याने मफिनची सीट वेगळी लावली. पप्पांनी हुज्जत घातली नाही, यावरून काय ते समजावं.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली आणि विचारलं, "एका लाडवात अंदाजे बेदाणे किती?" पप्पांनी तिथूनच घरी फोन लावला.

"आई, एका लाडवात बेदाणे किती होते?"

"काय मेलं मोजून मागायला लागलास? तुझ्या वडिलांनी कधी मोजले नाहीत."

"आई, किती?"

"एकही नाही," आजी म्हणाल्या. "यंदा घातलेच नाहीत. भाव ऐकलास का? खारीक जास्त घातली."

टेबलावर मफिन रिकाम्या पोटी शेपटी हलवत उभा होता. डॉक्टरांनी थर्मामीटर पाहून 101 सांगितलं तेव्हा पप्पांना पुन्हा घाम फुटला. कुत्र्याचं साधं तापमानच 101 ते 102 च्या आसपास असतं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. पुढच्याच आठवड्यात बायकोला ताप आला, 101. "नॉर्मल आहे," पप्पा म्हणाले. त्यानंतरचे दोन दिवस त्यांनी स्वतःचा डबा स्वतः केला.

अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघायला लांबून माणसं येतात. पप्पा दर श्रावणात आणि महाशिवरात्रीला गाभाऱ्यापर्यंत जायचे. हल्ली घरचे आत जातात आणि पप्पा आवाराबाहेर पट्टा धरून उभे असतात. "कुत्रा भैरवाचं वाहन आहे," असा युक्तिवाद आजींनी रखवालदारापाशी करून पाहिला. "मग भैरवाला घेऊन या," तो म्हणाला.

आणि शेवटी सोसायटीची सभा. वार्षिक सभा सप्टेंबरातच उरकलेली होती, म्हणून खास जानेवारीत विशेष सर्वसाधारण सभा बोलावली गेली, विषय एकच: कुत्र्याला लिफ्ट बंद करणे. मागणी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या निवृत्त अधिकाऱ्यांची. कारणं त्यांनी जाहीरपणे सांगितली नाहीत.

पप्पा माकडटोपी काढून उभे राहिले. भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 साली काढलेल्या सूचनांची प्रत त्यांनी आणली होती. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. एकेक कलम त्यांनी पूर्वी थकबाकीदारांची नावं वाचत त्याच आवाजात वाचलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, पण मनाईची नोटीस तुमच्याच सहीची आहे ना?"

अख्खी सभा उठून लिफ्टपाशी गेली. नोटीस जागेवर होती. 'सक्त'खालची लाल रेघही होती. खालचा उजवा कोपरा तेवढा नव्हता. कागदाच्या कडेला दातांची नक्षी होती.

"बिनसहीची नोटीस ग्राह्य धरता येत नाही," माजी सेक्रेटरी म्हणाले.

लिफ्ट मिळाली. अटी दोनच ठरल्या. पट्टा हातात हवा आणि आवारात मफिनने केलेली घाण पप्पांनी उचलायची. ते उचलतात. रोज पहाटे, थंडीत, गुलाबी जॅकेटात, जुन्या वर्तमानपत्राच्या कागदाने, आजूबाजूला कोणी बघत असो वा नसो. तुमच्या इमारतीतले पप्पा उचलत नसतील तर त्यांना एवढं सांगाच.