कर्तव्यार्थ, सहकुटुंब

सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या अव्वल कारकुनास ‘अद्ययावत माहितीसह बैठकीस समक्ष हजर राहावे’ असा मुंबईचा हुकूम ज्या दिवशी पोहोचतो, त्या दिवशी कचेरीत दप्तराची आणि घरी कपड्यांची बांधाबांध सारख्याच तातडीने सुरू होते, आणि या दोहोंपैकी दुसरी नेहमीच आधी पुरी होते. सरकारने आपल्या नोकरांस चार वर्षांच्या गटात एकदा महाराष्ट्रदर्शनाची प्रवास-सवलत बहाल केलेली आहे, हे कोणी नाकारीत नाही. परंतु त्या सवलतीत पदरची रजा खर्ची पडते, आणि रजेवरचा मनुष्य हा अखेर रिकामा मनुष्य समजला जातो. बैठकीस निघालेला मनुष्य मात्र कर्तव्यार्थ निघालेला असतो. त्याच्या तिकिटाचा भार शासन उचलते, त्यास दैनिक भत्ता मिळतो, आणि त्याच गाडीने त्याचे कुटुंब, दोन अपत्ये व शेंगाचटणीचे चार डबे निघाले, तर तो निव्वळ योगायोग मानावा अशी आपल्याकडे पूर्वापार वहिवाट आहे.

या वहिवाटीस फार थोर दाखला आहे. १९११ च्या डिसेंबरात बादशहा पाचवे जॉर्ज दिल्ली दरबाराच्या सरकारी कामासाठी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा राणी मेरी त्यांच्या समवेत होत्या, आणि या सहकुटुंब दौऱ्याच्या स्मरणार्थ जी कमान उभारावयाची ठरली ती १९२४ साली पुरी झाली. प्रवासभत्त्याचे देयक मंजूर होण्यास जो काळ लागतो, त्याच्याशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात विलंब झाला असे वाटणार नाही.

आमच्या माहितीतले एक अव्वल कारकून (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण प्रत्येक कचेरीत ते एका ना एका मेजावर असतातच) असेच एका सोमवारी सकाळी अकराच्या बैठकीसाठी निघाले. शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा अंमलात आणलेला असल्यामुळे शनिवारी सकाळीच मुंबई गाठून दोन दिवस मुलांना हिंडविणे त्यांना सहज शक्य होते, आणि बाईंची सूचनाही तीच होती. परंतु शनिवार-रविवारचा मुक्काम हा उघड उघड मौजेचा मुक्काम ठरून त्यावर लेखाशाखा आक्षेप घेईल, या धास्तीने त्यांनी रविवारी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली. प्रवासात त्यांनी अनुक्रमांक, स्थळ, प्रयोजन, लागणारा अवधी आणि शेरा असे रकाने आखून सहलीची एक कार्यक्रमपत्रिका तयार केली व तिच्याखाली सहीदेखील केली. त्या पत्रिकेत एक गोष्ट मात्र राहून गेली. ती ही, की मुंबईतील प्रेक्षणीय स्थळेही साप्ताहिक सुट्टी उपभोगतात आणि तीही आपापसांत मसलत न करता. सोमवारी घारापुरीची लेणी, वरळीचे तारांगण आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान बंद. बुधवारी भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या शेजारचे भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. शनिवारी व रविवारी हे सगळे उघडे, आणि बंद काय ते एकटे मंत्रालय! शासनाने मौजेसाठी जे दोन दिवस प्रामाणिकपणे मोकळे सोडलेले आहेत, नेमके तेच दोन दिवस प्रामाणिक नोकरास वर्ज्य असावेत, या व्यवस्थेमागे मोठी योजकता असली पाहिजे.

उतरण्याचा बंदोबस्त आमदार निवासात झाला होता. ज्यांनी तेथे मुक्काम केलेला नाही त्यांच्यासाठी इतकेच सांगतो, की तेथील खोली आमदारांच्या नावे असते आणि आमदारांव्यतिरिक्त बाकीचा मतदारसंघ तीत राहतो. चिठ्ठी दाखवून हे कुटुंब आत गेले, तो इस्पितळात रुग्ण दाखल केलेले एक वृद्ध, स्पर्धा परीक्षेचे दोन उमेदवार आणि बदलीसाठी आलेले एक गुरुजी असा परिवार तेथे आधीच रुजू होता. शेंगाचटणीचा पहिला डबा त्या तहनाम्यात खर्ची पडला.

यापुढे जे घडले त्यास माझ्या मते या राज्याच्या प्रशासनाच्या इतिहासात अनेक दाखले असूनही त्याची नोंद कोठेच झालेली नाही. सद्गृहस्थ अकराच्या ठोक्याला हजर झाले. बैठक दुपारपर्यंत, मग दुसऱ्या दिवसापर्यंत आणि मग तिसऱ्या दिवसापर्यंत तहकूब होत गेली. त्या अवधीत ते एका थंडगार दालनाबाहेरच्या बाकावर बसून होते. त्यांनी चहा घेतला, वर्तमानपत्रे वाचली, जळगाव व परभणीहून आलेल्या समदुःखी बंधूंशी पदोन्नतीच्या यादीवर सखोल चर्चा केली, आणि दुपारी उपाहारगृहात जेवून येऊन डोळे मिटले. अशी शांत, निर्वेध, हवापालटाची विश्रांती त्यांना लग्नानंतर प्रथमच लाभत होती. त्याच वेळी बाई दोन मुलांना दोन हातांनी धरून कर्तव्य बजावीत होत्या. सोमवारी उघडे सापडले म्हणून त्यांनी १९२२ साली खुले झालेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मजल्यामागून मजला पालथे घातले आणि जिवंत वाघाच्या मागणीवर पेंढा भरलेल्या प्राण्यांची तडजोड मान्य करून घेतली. नंतर मलबार हिलवरच्या म्हातारीच्या बुटात मुलांना चढविले, उतरविले, पुन्हा चढविले, आणि गिरगाव चौपाटीवर भेळ चारून आणले. मंगळवारी गेटवेवरून लाँचने तासाभराचा प्रवास करून त्या घारापुरीस गेल्या. शंभरावर पायऱ्या, कडेवर धाकटे, आणि वर पोहोचताच कडक भाकरीचे पुडके माकडाने हस्तगत केले. सुमारे २० फूट उंचीच्या त्या त्रिमूर्तीसमोर, जिला पाहण्यास देशोदेशींचे लोक येतात, त्या उभ्या असताना फोन वाजला. पलीकडून विचारणा झाली, ‘अगं, माझा चष्म्याचा डबा कुठं ठेवलायस?’

संध्याकाळी डोंबिवलीच्या आत्याबाईंकडे जाणे भागच होते. ‘इतक्या लांब येऊन आमच्याकडे येणार नाही?’ हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो त्यास नकार देण्याची सोय आपल्या भाषेत नाही. तेथे आत्याबाईंनी मोठ्या उत्सुकतेने विचारून घेतले, की ही घारापुरी कशी काय असते. कारण मुंबईच्या सान्निध्यात जन्म काढूनही त्यांना सरकारने कधी बैठकीस बोलावले नव्हते.

बुधवारी बैठक झाली. ती चहाचा पेला निवण्यापूर्वी आटोपली, आणि ‘माहिती सुधारित नमुन्यात पुन्हा सादर करावी’ असे ठरले. मोकळे झालेले सद्गृहस्थ उत्साहाने कुटुंबास पेंग्विन दाखवावयास भायखळ्याला घेऊन गेले व राणीच्या बागेच्या बंद दरवाजासमोर उभे राहून त्यांनी मुलांना ही बाग १८६२ सालची असल्याचे सांगितले.

सोलापुरास परतल्यावर त्यांनी तीन दिवसांच्या दैनिक भत्त्याचे देयक सादर केले, ‘कर्तव्याचे स्वरूप अत्यंत श्रमाचे’ असे दैनंदिनीत लिहिले, आणि ते वाक्य, लेखाशाखेच्या आधी, बाईंच्या दृष्टीस पडले. त्यांनी मुलीच्या वहीचे पान फाडून त्याच रकान्यांत आपलेही देयक तयार केले: स्थळे, पायऱ्या, लाँच, डोंबिवलीची जलद गाडी, दोन अपत्यांची वाहतूक, चष्म्याच्या डब्याचा दूरध्वनीवरून शोध. ‘अहो, हे मंजूर करा,’ म्हणून तो कागद त्यांनी जेवणाच्या वेळी ताटाशेजारी ठेवला. हात धुऊन येताच, सव्वीस वर्षांच्या सवयीने, सद्गृहस्थांनी त्यावर शेरा मारला: ‘मुख्यालय सोडण्याची पूर्वपरवानगी जोडलेली नाही. सबब प्रकरण परत.’

ही त्रुटी बाईंनी आता दूर केली आहे. पुढील महिन्यात पुन्हा शनिवार-रविवार मुंबईस जाण्याच्या परवानगीचा त्यांचा रीतसर अर्ज सध्या विचाराधीन असून, त्या काळात दोन्ही अपत्ये मुख्यालयीच, वडिलांच्या ताब्यात राहतील, असे कलम तीनमध्ये स्पष्ट नमूद आहे.